येणाऱ्या चित्रपटाची वाट पाहताना

(द्वितीय वर्ष, कला)

चित्रपट पाहून झाल्यावर त्याचे परीक्षण लिहिण्याची पद्धत आहे. पण चित्रपट येण्यापूर्वी त्याच्याविषयी ज्या आशा बाळगल्या जातात आणि ज्या शंका काढल्या जातात, त्यांचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक एखाद्या कलाकृतीवर माणसाचा किती जीव आहे, हे ती पुढ्यात येण्यापूर्वीच अधिक कळते. लग्नघरात वऱ्हाड येण्याआधी जी धांदल आणि धाकधूक असते, ती वऱ्हाड आल्यावर उरत नाही, तसेच हे. म्हणून या लेखात मी एका चित्रपटाची नव्हे, तर त्याची वाट पाहण्याची हकीगत सांगणार आहे आणि वाट पाहणाऱ्यांच्या मनात शंका का येतात, याचा थोडा उलगडा करणार आहे.

हा चित्रपट म्हणजे 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम'. हाताने काढलेल्या चित्रांचा, ज्याला आपण सरसकट 'कार्टून' म्हणून मोकळे होतो त्या जातीचा. जपानी आणि भारतीय कलावंतांनी मिळून तो केला. युगो साको, कोइची सासाकी आणि आपल्याकडचे राम मोहन असे त्याचे तीन दिग्दर्शक. १० जानेवारी १९९३ रोजी दिल्लीत भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. परंतु त्या काळी तो आपल्या गावोगावच्या चित्रपटगृहांत काही पोहोचला नाही. लोकांच्या ओळखीचा झाला तो पुढे दूरचित्रवाणीमुळे. मग सप्टेंबर २०२४ मध्ये बातमी आली की, हाच चित्रपट स्वच्छ करून, नव्या तंत्राने, १८ ऑक्टोबरला देशभर मोठ्या पडद्यावर येणार. पुढे ती तारीख लांबली आणि २४ जानेवारी २०२५ हा शुक्रवार ठरला. म्हणजे आम्हां चाहत्यांना चार महिने आशा करायला आणि चार महिनेच शंका काढायला मिळाले.

'आम्हां चाहत्यांना' असे म्हणते आहे खरे, पण मी चाहती कशी झाले ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. माझे आई-आण्णा ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. तेवढे महिने मी आणि माझा धाकटा भाऊ गावी आजीजवळ. घरात एक जुना, मागे पोट असलेला टीव्ही होता. मुलांच्या वाहिनीवर हा चित्रपट अधूनमधून लागे. हिंदीतून. तो अमुक दिवशी लागणार हे आम्हांला कधी ठाऊक नसे. लागला की दिसायचा. आणि वीज गेली की जायचा. त्यामुळे माझ्या लेखी कित्येक वर्षे कुंभकर्ण जागा झाला तो झालाच. त्याचे पुढे काय झाले ते मी आजीच्या तोंडून ऐकले, पडद्यावर पाहिले नाही. संपूर्ण चित्रपट सलग असा मी पाहिला तो अकरावीत, मावशीच्या मोबाईलवर, वीतभर चौकटीत.

तेव्हा तो मोठ्या पडद्यावर येणार म्हटल्यावर मला काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. मी वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांगितले. त्यांतल्या चौघींनी तो लहानपणी पाहिलेला निघाला. रात्रीच्या जेवणाच्या रांगेत आमच्या चर्चा सुरू झाल्या. त्यानंतर मी गावी फोन करून आजीला आणि भावाला सांगितले. आणि मग माझ्या ध्यानात आले की, येणाऱ्या चित्रपटाबद्दल प्रत्येकाची शंका निराळी असते. आजीची एक, माझी दुसरी आणि भावाची तिसरी. गंमत अशी की, या तिन्ही शंका आमच्या घरच्या नव्हेत. त्या या कलेइतक्याच जुन्या आहेत.

आजीची शंका सर्वांत मोठी होती. ती म्हणाली, "टीव्हीवर ठीक हाय बाई. पर तिकीट काढून देवाचं कार्टून बघायचं व्हय?" आजीला अक्षर येत नाही, पण श्रीधरस्वामींचा 'रामविजय' तिने देवळात इतक्या वेळा ऐकला आहे की, वाचणारा चुकला तर ती थांबवते. कार्टून म्हणजे उंदीर-मांजराची मारामारी. त्या चित्रात रामाला कसे बसवायचे, हा तिचा प्रश्न.

हाच प्रश्न हा चित्रपट करणाऱ्यांना चाळीस वर्षांपूर्वी विचारला गेला होता. युगो साको हे जपानमधील माहितीपट तयार करणारे गृहस्थ. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी रामायणाशी संबंधित स्थळी केलेल्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी ते १९८३ मध्ये भारतात आले. त्या निमित्ताने त्यांची रामकथेशी ओळख झाली. त्यांनी जपानी भाषेत उपलब्ध असलेली अनेक रामायणे वाचून काढली आणि ही कथा चित्रांतूनच सांगता येईल असे त्यांच्या मनाने घेतले. माणूस कितीही गुणी नट असला तरी तो माणूसच. देवत्व दाखवायला रेषा अधिक बरी, असा काहीसा तो विचार होता. इकडे वर्तमानपत्रातील बातमीवरून गैरसमज झाला आणि विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी दूतावासाकडे निषेधाचे पत्र पाठवले. परक्याने आमच्या रामायणावर मनमानी चित्रपट काढू नये, असा त्याचा आशय होता. साको यांनी भेटून तो गैरसमज दूर केला. सरकारी सहकार्याचाही प्रयत्न झाला. पण रामायण हा नाजूक विषय आहे, तो कार्टून म्हणून दाखवता येणार नाही, असे म्हणून सरकारने हात आखडता घेतला. अखेर चित्रपटाचे काम जपानमध्ये १९९० च्या सुमारास सुरू झाले आणि सुमारे साडेचारशे कलावंतांनी ते पार पाडले.

शंकेला उत्तर कसे द्यावे, याचा धडा मला इथे दिसतो. साको आणि राम मोहन यांनी जाहीर वाद घालून कोणाला जिंकले नाही. त्यांनी तपशिलाकडे लक्ष दिले. भारतीय चित्रकारांनी जपानी चित्रकारांना धोतर कसे नेसतात, आपली माणसे कशी चालतात, लहान मूल मोठ्यांच्या पाया पडून आशीर्वाद कसा घेते, हे दाखवून दिले. आपण म्हणू, यात काय एवढे? पण पाया पडताना पाठ कोठून वाकते हे ज्याने लहानपणापासून पाहिलेले नाही, त्याच्या हातून ते आपोआप उतरत नाही. आजीला टीव्हीवर हा चित्रपट कधी खटकला नाही, याचे कारण या वाकण्यात आहे. राम वनवासाला निघताना कौसल्येपुढे वाकला, तेव्हा आजीने खाटेवरून हात उचलला होता, हे मी पाहिलेले आहे.

येथे आपल्या महाराष्ट्राचा एक धागा सांगितला पाहिजे. राम मोहन यांनी हे काम शिकले ते मुंबईत. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग होता, तेथे ते १९५६ मध्ये लागले. त्याच सुमारास अमेरिकेतील डिस्ने संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे कलावंत तेथे शिकवायला आले होते. म्हणजे विद्या अमेरिकेची, शाळा मुंबईची, कागद जपानचा आणि कथा वाल्मीकीची. त्याही पूर्वी, १९१५ मध्ये, दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा हलत्या काड्यांचा पट केला होता. त्याच फाळक्यांच्या १९१७ मधील 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने रामाची आणि सीतेचीही भूमिका केली होती! देवाचे रूप कोणी आणि कसे घ्यावे, हा प्रश्न आपल्या चित्रपटाच्या जन्मापासूनचा आहे, तो असा.

परदेशातही वेगळे घडले नाही. वॉल्ट डिस्ने यांनी 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' हा पूर्ण लांबीचा पट करायला घेतला, तेव्हा चित्रपटधंद्यातले लोक त्याला 'डिस्नेचा वेडेपणा' म्हणत. सात-आठ मिनिटांची गंमत ठीक आहे, पण तास-सव्वा तास चित्रे पाहत कोण बसणार, ही शंका. खर्च अंदाजाच्या कितीतरी पलीकडे, जवळजवळ पंधरा लाख डॉलरवर गेला; डिस्ने यांना घर गहाण ठेवावे लागले. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे तो प्रथम दाखवला गेला आणि शंका तेथेच मिटली. तेव्हा आजीची शंका अडाणीपणाची नव्हती. चित्राला गांभीर्य पेलेल का, हा तो प्रश्न. आणि तो जाणत्यांनीही विचारलेला आहे.

आता माझी शंका. ती आवाजाची होती.

आम्ही ऐकत आलो त्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा, रावणाला अमरीश पुरी यांचा आणि निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा यांचा आवाज होता. नव्या प्रदर्शनासाठी हिंदी, तमिळ आणि तेलुगू संवाद नव्याने ध्वनिमुद्रित होणार, हे कळल्यावर चाहत्यांमध्ये एकच कल्लोळ उडाला. आमच्या जेवणाच्या रांगेतही उडाला. अमरीश पुरी २००५ मध्ये वारले, त्यांनी पुन्हा बोलण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांचा जुना आवाज तर होता! तो का ठेवू नये? माझी एक मैत्रीण म्हणाली, "रावण दुसऱ्याच कुणाच्या आवाजात हसला, तर मी उठून येईन."

बाहेरच्या माणसाला ही तक्रार पोरकट वाटेल. म्हणून तिचे मूळ समजावून सांगते. साध्या चित्रपटात नटाचा चेहरा, शरीर आणि आवाज ही एकाच माणसाची असतात. चित्रांच्या पटात पात्र दोन ठिकाणांहून जन्माला येते. शरीर कागदावर आणि प्राण ध्वनिमुद्रण-कक्षात. एका सेकंदाला पडद्यावर चोवीस चौकटी सरकतात. आपला हा चित्रपट सव्वादोन तासांचा. म्हणजे आठ हजार शंभर सेकंद. चोविसाने गुणले तर १,९४,४०० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला नवे चित्र काढत नाहीत. बहुधा एकच चित्र दोन चौकटी ठेवतात, जपानमध्ये तर पुष्कळदा तीनही. ढोबळमानाने दोन धरले तरी सत्त्याण्णव हजार चित्रे! एवढी चित्रे शेकडो हातांनी काढलेली. त्या सगळ्या हातांतून काढलेला राम एकच आहे असे आपल्याला वाटावे, यात सर्वांत मोठा वाटा आवाजाचा असतो. रेष बदलते, आवाज बदलत नाही. म्हणून आवाज बदलला की चाहत्याला पात्रच बदलल्यासारखे वाटते.

दुसरी अडचण ओठांची. डिस्नेच्या पद्धतीत आधी संवाद ध्वनिमुद्रित करतात आणि मग त्याबरहुकूम ओठ काढतात. जपानमध्ये बहुधा उलटे. चित्र आधी, आवाज नंतर. पण पद्धत कोणतीही असो, दुसऱ्या भाषेत संवाद करायचे म्हणजे ओठ आधीच ठरलेले असतात. तोंड जेवढा वेळ उघडे आहे तेवढ्यातच वाक्य बसवायचे. ओवी लिहिणाऱ्याला जसा चरण सांभाळावा लागतो, तसा डबिंगच्या लेखकाला ओठ सांभाळावा लागतो. अर्थ साधला तर ओठ चुकतो, ओठ साधला तर वाक्य कृत्रिम होते. नव्या संवादांबद्दल धाकधूक वाटावी याला हे कारणही पुरेसे आहे.

हे सगळे मी मोठ्या आवेशाने आमच्या महाविद्यालयातील हिंदीच्या सरांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तुम्ही मूळ आवाज, मूळ आवाज म्हणता. पण मूळ कोणता?"

मी ग्रंथालयात बसून शोध घेतला आणि खजील झाले. १९९३ मध्ये दिल्लीला जो चित्रपट दाखवला गेला, त्यातले संवाद इंग्रजी होते. त्यातील गाणी मात्र संस्कृतात, आणि ती लिहिली वसंत देव यांनी, म्हणजे मराठी नाटके हिंदीत नेणारे आपले वसंत देव. संगीत वनराज भाटियांचे. आम्ही ज्याला 'मूळ' म्हणून कवटाळत होतो ती हिंदी आवृत्ती पुढे काही वर्षांनी तयार झालेली! म्हणजे आमचा अस्सल राम हाही डबिंगचाच होता. त्याच्यानंतर २००१ मध्ये अमेरिकेत आणखी एक आवृत्ती निघाली. तीत राम ब्रायन क्रॅन्स्टन या अमेरिकन नटाच्या आवाजात बोलतो. आणि अरुण गोविलच का? कारण २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेत तेच राम होते. साऱ्या देशाच्या कानात रामाचा आवाज म्हणून तोच बसला होता. २०२० च्या टाळेबंदीत ती मालिका पुन्हा लागली तेव्हा तो आमच्या पिढीच्याही कानात पक्का झाला. म्हणजे हिंदी आवृत्ती करणाऱ्यांनी त्या वेळच्या रसिकांची शंका ओळखून, त्यांना ओळखीचा आवाज आणून दिला होता.

याचा अर्थ आमची तक्रार खोटी होती का? मला तसे वाटत नाही. चाहत्याचे 'मूळ' म्हणजे जे सर्वांत आधी तयार झाले ते नव्हे. जे त्याने सर्वांत आधी ऐकले ते. माझ्यापुरते मूळ म्हणजे आई-आण्णा नसलेल्या घरात, चुलीजवळ, आजीच्या मांडीला टेकून ऐकलेले अमरीश पुरींचे हसणे. तो आवाज बदलतो तेव्हा चित्रपटाचे फारसे बिघडत नाही. माझ्या हातून मात्र काहीतरी सुटते. एवढे समजले की तक्रार राहते, पण तिच्यातला राग जातो.

चाहत्यांनी ओरड केली म्हणून निर्माते बदलले, असेही घडलेले आहे. 'सॉनिक द हेजहॉग' या चित्रपटात माणसे खरी आणि नायक तेवढा संगणकाने काढलेला. २०१९ मध्ये त्याची पहिली झलक आली, तेव्हा त्या नायकाचे माणसासारखे दात आणि बारीक डोळे पाहून खेळाच्या चाहत्यांनी जगभर नापसंती दाखवली. दिग्दर्शकाने ती मान्य केली, रूप नव्याने घडवले आणि प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ ऐवजी फेब्रुवारी २०२० मध्ये झाले. तेव्हा शंका नेहमीच वायफळ नसते. मात्र आमच्या बाबतीत तसे झाले नाही. आवाज नवेच राहिले.

आशेचीही एक बाजू होती, ती न सांगणे अन्यायाचे होईल. या आवृत्तीचा गाजावाजा '४के' या शब्दाने झाला. त्याचा अर्थ एवढाच की, चित्र उभे-आडवे मिळून सुमारे त्र्याऐंशी लाख ठिपक्यांचे बनते. आमच्या जुन्या टीव्हीच्या दर्जाचे चित्र अशा हिशेबाने चार लाखांच्या आसपास भरते. म्हणजे वीस पट! फिल्मवर टिपलेल्या चित्रात जो बारकावा मुळात असतो, तो टीव्हीवर येता येता हरवतो. याचा सरळ अर्थ असा होतो की, ज्या चित्रपटावर आम्ही एवढा हक्क सांगत होतो, तो आम्ही कधी पुरता पाहिलेलाच नव्हता. आवाजाबद्दल शंका धरणाऱ्या मला चित्राबद्दल मात्र आशाच आशा होती. काहींना तीही शंका होती की, फार स्वच्छ केले तर हाताने काढल्याची खूण पुसून जाईल. जुनी भांडी कल्हई लावताना पातळ होतात, तसे.

भावाची शंका सर्वांत लहान आणि सर्वांत सरळ. तो तेव्हा दहा वर्षांचा. फोनवर म्हणाला, "ताई, जुना हाय म्हणतीस. मग लढाई फास्ट हाय का?" त्याने हा चित्रपट पाहिलेला नव्हता, तो मोबाईलवरच्या खेळांत वाढलेला. त्याच्या मनात आठवण नव्हती, म्हणून हरवण्याची भीतीही नव्हती. नुसती उत्सुकता. ज्याला आपण कौटुंबिक चित्रपट म्हणतो, त्याच्यापुढची खरी अडचण हीच आहे, असे मला वाटते. एकाच बाकावर बसलेल्या तिघांना त्याने तीन वेगळी उत्तरे द्यायची असतात. आजीला मर्यादा, मला आठवण आणि भावाला वेग.

आणखी एक शंका आम्हां सर्वांची होती. ती भाषेची. चित्रपट हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगू अशा भाषांत येणार होता. मराठीत नव्हता. मराठी माणसाला हिंदी कळते, असे गृहीत धरले जाते. शहरात ते खरे असेल. पण आजीला हिंदी तुटक कळते आणि भावाची हिंदी पुस्तकातली. ही तक्रार मात्र नुसत्या आठवणीतून आलेली नव्हती, असे मी आजही म्हणेन.

असो. मी 'कमवा व शिका' योजनेतले पैसे बाजूला ठेवले होते. २५ जानेवारीला, शनिवारी, आजी आणि भाऊ एस.टी.ने आले. आजी पंच्याहत्तरीच्या पुढची, तिचा प्रवास फुकट. भावाचे अर्धे तिकीट. रात्री दोघे मावशीच्या खोलीवर राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या महाविद्यालयाचे झेंडावंदन झाले. आपल्या शाळेतली जिलेबी बुडाली म्हणून भाऊ रुसला होता, त्याला इथली दिली. दुपारच्या खेळाची तिकिटे होती. आजी आयुष्यात प्रथम चित्रपटगृहात आली. आत शिरताना तिने चपला बाहेर काढल्या. मी त्या पिशवीत घातल्या.

चित्रपट कसा झाला ते मी लिहिणार नाही, हे सुरुवातीलाच सांगितले आहे. फक्त शंकांचे काय झाले ते सांगते. राम प्रथम बोलला तेव्हा माझ्या पोटात कालवले. हा आमचा राम नव्हे, असे वाटले आणि पुढची दहा मिनिटे मी चित्र न पाहता नुसता आवाजच ऐकत बसले. रावण हसला, तेव्हा मी शेजारच्या रांगेतल्या मैत्रिणीकडे पाहिले. ती उठून गेली नाही. मात्र चित्र इतके मोठे आणि इतके लख्ख होते की, अरण्यातल्या झाडांची पाने मला त्या दिवशी प्रथम सुटी सुटी दिसली. कान तक्रार करीत होते आणि डोळे त्यांना गप्प करीत होते.

भावाने लढाईच्या वेगाबद्दल एकदाही विचारले नाही. कुंभकर्ण उठला तेव्हा त्याने माझा दंड असा धरला की, वळ उठला. त्याला हिंदीतले सगळे कळत नव्हते. पण त्याची सोय आजीने केली होती. ती त्याच्या कानाशी लागून हळूहळू सांगत होती. "आता बघ, ह्यो मारीच हाय. हरीण न्हवं त्ये. आता लक्ष्मणाला हाक ऐकू येती का न्हाई बघ." पडद्यावरचे ओठ हिंदी बोलत होते आणि भाऊ मराठी ऐकत होता. पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिले. तिसऱ्यांदा त्यांचा मुलगाच मागे वळून ऐकू लागला.

बाहेर आल्यावर मी आजीला विचारले, "काय मग, कार्टून वाटलं का?" ती चपला घालीत म्हणाली, "चितारणाऱ्यानं हात जोडून चितारलंय." नव्या आवाजाबद्दल तिला काहीच वाटले नव्हते. आवाज बदलला आहे हे तिच्या ध्यानातही आले नव्हते. तिच्या कानात वेगळाच राम होता, पोथीतला, आणि त्याला यांच्यापैकी कोणीच धक्का लावलेला नव्हता. भावाला विचारले तर तो चित्रपटातल्या रावणासारखा, म्हणजे नव्या रावणासारखा, हसून दाखवू लागला. त्याच्या लेखी आता मूळ हेच. आणखी वीस वर्षांनी हा चित्रपट पुन्हा कोणी नव्या आवाजात आणला, तर जेवणाच्या रांगेत उभा राहून तक्रार करणारा तो असेल. तेव्हा मी त्याला सरांचा प्रश्न विचारीन.

रात्री आईचा फोन आला. फडावरून परत येऊन, भाकरी करून, ती कोपीबाहेर बसली होती. तिनेही हा चित्रपट आमच्यासारखाच तुकड्यांतुकड्यांनी पाहिलेला, उन्हाळ्यात घरी असताना. "कसा हुता?" तिने विचारले. मी सांगायला सुरुवात केली, तर आजीने फोन माझ्या हातातून घेतला आणि विश्वामित्र राजवाड्यात येतो तिथपासून सांगू लागली. मावशी निजायची वेळ झाली म्हणून खुणावत होती. आजी थांबली नाही. चाळीस मिनिटे झाली तेव्हा सेतू अर्धा झाला होता, आणि पलीकडून आई मधूनमधून "हं" म्हणत होती.